कात्र्या थांबवणारी गोष्ट

माझी पहिली नोकरी भीती दाखवायची होती आणि ती मला आईनं लावून दिली. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी मी असा काही आपटलो होतो की माझा निकाल पाहून आलेल्या मित्रानं तो मला सांगितलाच नाही. नुसती मिसळ खाऊ घातली, वर दुसऱ्यांदा तर्री मागवली, तेव्हा मी काय ते ओळखलं. घरी आलो तर अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर फवारणीचा पंप खोलून बसलेले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती विषय?" मी म्हणालो, "निघालेले की राहिलेले?" त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी आईमार्फत बोलत. मी समोर बसलेलो असलो तरी, "त्याला म्हणावं मोटर बंद कर," असं. आई म्हणायची, "ऐकलंस का रे?" आणि मी उठून मोटर बंद करायचो. आमच्या घरात तिघांचं संभाषण असं त्रिकोणात चालायचं, आणि त्याच्या मधोमध ताटात बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा.

मखमलाबादच्या पुढे आमची द्राक्षबाग होती. घर बागेतच. खिडकी उघडली की वेलींचा मांडव थेट आत शिरल्यासारखा वाटे. बागेच्या सगळ्या कामांत जीव खाणारं काम म्हणजे विरळणी. घडातले मणी ज्वारीएवढे झाले की निम्म्याहून जास्त मणी बारक्या कात्रीनं कापून टाकायचे, तेव्हा उरलेले फुगतात. हे काम थांबत नाही आणि लांबवताही येत नाही. मण्यांना थांबा म्हणून कुणी सांगितलंय! त्यासाठी सुरगाण्याकडच्या डोंगरातून बायकांच्या टोळ्या येत. आमच्याकडे येणारी टोळी म्हसरूळच्या बाजूला पालं टाकून राही आणि सकाळी जीपमधून उतरे. ओळीला दोघी लागत. एक अलीकडून, एक पलीकडून, मधे वेल. दोघींचा वेग जमला तर ओळ भराभर सरते, म्हणून जोड्या ठरलेल्या. नवरा-बायकोचं एकवेळ पटणार नाही, पण ओळीच्या जोडीचं पटावंच लागतं. मांडव छातीच्या वर, म्हणून बायका दिवसभर हात वर करून उभ्या. तुम्ही ओळीच्या टोकाला उभे राहिलात तर चेहरे पानांत गेलेले, धड सावलीत, आणि दिसतात ते फक्त घडांत फिरणारे हात. आणि आवाज कात्र्यांचा, कचकच कचकच, जणू सगळी बाग बारीक दातांनी काहीतरी कुरतडतेय.

त्या वर्षी शेजारच्या बागेनं आमची टोळी फोडायला सुरुवात केली. मजुरी तेवढीच, पण त्या पठ्ठ्यानं मांडवाच्या खांबाला टेपरेकॉर्डर टांगला. दिवसभर गाणी. आमच्या टोळीचा मुकादम काशिनाथ डोकं खाजवत अण्णांना म्हणाला, "मालक, बाया म्हणत्यात तिकडं कान गार राहतो. मी काय करू?" अण्णांच्या मते टेप लावणं म्हणजे वेलींना बिघडवणं. तेव्हा आई चुलीपुढून म्हणाली, "घरात एक टेप फुकट पडलाय की. खातोय, पितोय, तोंड चालू. लावा त्याला खांबाला."

मी पंचवटीतल्या एका वाचनालयातून भाड्यानं आणलेली भुताखेतांची पुस्तकं अभ्यासाच्या पुस्तकात घालून वाचत असे, हे आईला माहीत होतं. मला वाटायचं तिला माहीत नाही. असे बरेच गैरसमज मी त्या वयात बाळगून होतो.

दुसऱ्या दिवशी उलटा क्रेट मांडून मी ओळींच्या मधे बसलो आणि सांगायला लागलो. पहिल्या दिवशी पुस्तकातलं जसंच्या तसं सांगितलं. ओसाड बंगला, वटवाघळं, दार करकरणं. कात्र्या एका लयीत कचकच करत राहिल्या. टोळीत मंगी नावाची एक फटकळ बाई होती. ती पानांतून म्हणाली, "भाऊ, बंगल्यात कोण राहतंय आमच्यात? आमच्या घराला दारच नाय, करकरंल काय?" सगळ्या हसल्या. त्या हसण्यानं मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. मी बंगला पाडला आणि गोष्ट द्राक्षबागेत आणली. रोज सकाळी मालकाला मांडवाखाली कापलेले घड दिसतात. चोरलेले नाहीत, नुसते कापून नीट ओळीत मांडलेले. कोण कापतं? का कापतं? कुणी पाहिलेलं नाही. एवढं सांगितलं आणि पहिल्यांदा मला वाटलं की पानांमागचे चेहरे ऐकताहेत.

मग मी कात्र्यांवरून शिकत गेलो. लांबलचक वाक्य सांगत राहिलो, मालक उठला, त्यानं चूळ भरली, गोठ्यात गेला, गाईला पेंड घातली, की कात्र्या छान चालायच्या. आणि मधेच आखूड वाक्य टाकलं, "गाय उठली नाही," की सगळ्या कात्र्या एकदम थांबायच्या. ती शांतता! तेवढी दाद मला पुढे कुठल्याही सभागृहात मिळाली नाही. लगेच बांधावरून अण्णांचा खोकला यायचा. कात्री थांबली की अण्णांचा पैसा थांबायचा. म्हणजे भीती अशी बेतायची की मनं थांबतील पण हात नाही, आणि जीप येण्याच्या सुमारास गोष्ट अशा टोकावर सोडायची की उद्या दुसऱ्या बागेच्या फाटकात उतरणं शक्यच होऊ नये. अण्णा आता आईला मध्ये न घालता मला विचारू लागले, "उद्या कुठवर आणणार आहेस?" आमच्या घरात मला मिळालेला तो पहिला मान. भाकरीवर लोण्याचा गोळाही मोठा पडू लागला.

आता ज्या कामासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं तिथं येतो. तिथं यायला मला नेहमीच उशीर होतो.

टोळीत जमनाबाई नावाची एक बाई होती. आईच्या वयाची, बारीक, काटक, आणि टोळीतली सगळ्यात जलद कात्री तिची. चहापाणीही तिच्याकडे. आमच्या घरातून पाण्याची कळशी भरून न्यायची आणि तीन दगडांवर गुळाचा चहा करायचा. तिच्या हातांच्या बोटांवर कोड होतं. टोकापासून मधल्या पेरापर्यंत पांढरीफटक बोटं. टोळीतल्या तिच्या पाड्यावरच्या बायकांना त्याचं काही नव्हतं. मंगी तर तिची ओळीची जोडीदारीण. पण टोळी काही एका पाड्याची नसते. त्या वर्षी निम्म्या बायका दुसरीकडच्या होत्या, नव्या होत्या, आणि त्या तिच्या हाताकडे पाहायच्या आणि मग पाहिलं नाही असं दाखवायच्या. हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त माझी गोष्ट दिसत होती, आणि ती नेमकी त्याच दिवसांत मंदावली होती. शेजारच्यानं नवीन कॅसेट आणली होती. माझं गाईचं सांगून झालं, विहिरीचं झालं, आता घड कोण कापतं हे दाखवणं भाग होतं आणि मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. सांगता सांगता मी ओळीकडे पाहिलं. समोर पानं, सावली, हिरवे घड आणि त्या घडांत फिरणारी दोन पांढरी बोटं. चेहरा नाही, धड नाही. नुसती बोटं.

"आणि पानांच्या मागून," मी म्हणालो, "एक हात आला. पांढरी बोटं."

सगळ्या कात्र्या थांबल्या. पूर्वी कधी थांबल्या नव्हत्या इतक्या. अण्णांचा खोकलासुद्धा आला नाही, तेही ऐकत असावेत. मग एकेक मान वळली. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. मी ते पाहिलं. या एका गोष्टीबद्दल मला पळवाट नाही. मी ते पाहिलं आणि माझ्या मनात आलं, वा! काय जमलंय!

आणि एवढ्यावर थांबलो नाही. कॅसेटशी टक्कर होती ना! गाण्याला गाणं हवं म्हणून मी एक ओळ जुळवली आणि दर वेळी तो हात यायचा झाला की ती म्हणायचो:

पानांमागं कोण गं?
पांढरी बोटं दोन गं.

कविता म्हणून ती दोन पैशांची नाही. पण बांधावर झोळीत आणि झोळीबाहेर टोळीची जी लेकरं असायची त्यांनी ती दुपारच्या भाकरीच्या आत पाठ केली. गोष्ट विसरली जाते, निदान बदलते. यमक जुळलेलं मात्र डोक्यात खिळ्यासारखं बसतं आणि ठोकणाऱ्यालाही मग उपटता येत नाही.

जमनाबाईनं पहिल्या दिवशी ते हसण्यावारी नेलं. दुपारी चहा देताना तिनं पदराआडून दोन बोटं काढून मंगीसमोर नाचवली. "आले बघ गं मी! दे तुझा घड!" सगळ्या हसल्या. जरा जास्तच मोठ्यानं हसल्या. मीही हसलो आणि मनात म्हणालो, बघा, तिला आवडलीय गोष्ट. दुसऱ्या दिवशी दोन नव्या बायकांनी चहा नको म्हणून सांगितलं, पित्त होतं म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी पित्त बऱ्याच जणींना झालं. मग मंगीनं काशिनाथला सांगितलं, "मला दुसरी ओळ दे. इकडं पाठीत ऊन लागतं." मांडवाखाली ऊन! जमनाबाईला जोडीदारीण उरली नाही. ती एका बाजूनं ओळ कापत जायची आणि मग वळसा घालून दुसऱ्या बाजूनं परत यायची. सगळ्यात जलद कात्री सगळ्यात मागे राहू लागली. काशिनाथ म्हणू लागला, "जमने, तुझा हात मंदावला. असं हाय तर मालकाला मी काय सांगू?" टोळीत हात मंदावला या बोलण्याचा अर्थ एकच असतो. हंगामाच्या मधेच जीपमध्ये बसवून घरी. आणि तिकडे डोंगरात तेव्हा काही काम नसे, म्हणून तर इकडे यायचं.

आमच्या घरानंही आपला वाटा उचलला. एका सकाळी पाहतो तर आईनं कळशी स्वतःच भरून ओट्याच्या कडेला ठेवलेली. "तिला म्हणावं इथूनच उचल, आत येऊ नको," आई म्हणाली. मी म्हणालो, "आई, ती गोष्ट आहे. मी रचलीय. तुला माहितीय मी रचलीय." आई माठावर झाकण ठेवत म्हणाली, "माहितीय रे. पण मनाला कसंतरी होतं." माझी आई काही वाईट बाई नव्हती. आजाऱ्याच्या घरी डबा नेणारी बाई. तिचं हे वाक्य मला आजवर कुणाही समीक्षकाच्या वाक्यापेक्षा जास्त उपयोगी पडलंय आणि जास्त बोचलंय. माहितीय, पण कसंतरी होतं.

मागच्याच महिन्यात आमच्या नात्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप फिरत आला. आपल्या भागात काही अनोळखी बायका फिरत आहेत, हातात पिशवी, बोलणं वेगळं, लेकरांना सांभाळा. चेहरा नाही, नाव नाही, गाव नाही. नुसती पिशवी आणि बोलणं. मी तो वाचला आणि मला लिहिणाऱ्याचं कौतुक वाटलं, हे कबूल करतो. कुणीतरी माझ्याच कारखान्यात शिकून गेल्यासारखा तो माल होता. अर्धं दाखवायचं, उरलेलं ऐकणाऱ्यानं आपल्या मनातून आणायचं, आणि माणसाच्या मनात उरलेलं अर्धं नेहमी तयारच असतं. फक्त कुणाला तरी बसवायला जागा पाहिजे. मी ग्रुपवर लिहिलं, हे खोटं आहे. पुतण्यानं उत्तर दिलं, "काका, खोटं असेल. पण काळजी घेतलेली बरी."

असो. मी बिघडवलं ते मीच दुरुस्त करणार, असं ठरवलं. आणि दुरुस्तीचं हत्यार कोणतं, तर तेच. दुसऱ्या दिवशी गोष्टीत मी जाहीर केलं की ती पांढरी बोटं नव्हतीच. मालकाचा चष्मेवाला हिशेबनीस रात्री रबरी हातमोजे घालून घड कापायचा. कात्र्या थंडपणे चालू राहिल्या. मंगी म्हणाली, "मोजे? आन् मंग गाय कशानं मेली?" दुसरी म्हणाली, "भाऊला कोणी तरी दाबलंय. ती बोटं कोणाची ते सांग खरं." मी घोटाळलो. परिणाम एवढाच झाला की बागायतदार संघाचा चष्मेवाला कारकून आठवड्याला यायचा, त्याला लेकरं 'मोजे, मोजे' म्हणून चिडवायला लागली. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही का ते.

त्या दुपारी जमनाबाई माझ्या क्रेटपाशी आली. हात पदरात गुंडाळलेले. मला वाटलं, आता शिव्या देणार. मी मान खाली घालून तयार होतो.

"भाऊ, गोष्ट चांगली सांगतोस," ती म्हणाली.

"मावशी, मी उद्या सगळं नीट करतो. ती बाई चांगली होती असं दाखवतो. सगळ्यांचं भलं करणारी. बघाच तुम्ही, रडतील सगळ्या."

"नको," ती म्हणाली. "मला चांगली करू नको. मला काढ त्यातनं."

"पण एकदम काढली तर गोष्ट..."

"गोष्ट मोडू दे की. तुझी गोष्ट मोडली तर काय होतं? मला ओळ पाहिजे, भाऊ. जोडीला बाई पाहिजे."

मी हो म्हणालो. खरंच काढणार होतो. पण झालं असं की संध्याकाळी पंपाला तेल घालता घालता मला तो चांगुलपणाचा प्रसंग सुचला. ती पांढऱ्या बोटांची बाई म्हणजे बागेची राखण करणारी. रोग लागलेले घड तेवढे ती कापून टाकते. तिचा हात लागला की आजारी वेल बरी होते. गावानं तिला हाकललं तरी ती येत राहते. सुचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आता सांगा, डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट कुणी टाकून देतं का? एखाद्या बाईनं साधी ओळ मागितली म्हणून? मी दिलेला शब्द मोडला आणि वर स्वतःला मोठा दयाळू समजलो.

रडल्या सगळ्या. मंगी तर कात्री खाली ठेवून रडली. अण्णा खोकले नाहीत. त्या दिवशी जमनाबाईचा चहा सगळ्यांनी प्यायला, पण कसा? पुजाऱ्याच्या हातचं तीर्थ घ्यावं तसा, मान खाली घालून, न बोलता. मंगी ओळीवर परत आली, पण पूर्वीसारखी भांडेना. जमनाबाई तिला डिवचायची, "ए मंगे, तुझी बाजू शेळीनं खाल्ल्यासारखी दिसती!" मंगी नुसतं म्हणायची, "व्हय, बाय." मी खूश होतो. दुरुस्ती झाली होती. भीतीला वरून रंग दिला की ती भक्ती होते आणि आतलं लाकूड तेच राहतं, हे समजायला मला अजून दोन दिवस लागायचे होते.

टोळीतल्या एका नव्या लेकुरवाळीचं मूल तापलं होतं. तिनं ते झोळीतून उचललं आणि जमनाबाईपुढं धरलं. "बाय, हात ठेव." जमनाबाई मागे सरली. "मी कोण गं हात ठेवणारी? दवाखान्यात ने." बाई ऐकेना. तिच्या मागे आणखी दोघी-तिघी उभ्या. "ठेव ना, तुझं काय जातंय?" मी क्रेटवर बसलो होतो. त्या वेळी उठून एक वाक्य बोललो असतो, ते मी रचलंय, तिच्या हातात काही नाही, तर? पण आईला ते सांगून झालं होतं आणि त्याचा उपयोग मी पाहिला होता. शिवाय, आणि हे जास्त खरं आहे, माझी गोष्ट लोकांनी इतकी खरी मानलेली बघून मी जरा तरंगत होतो. जमनाबाईनं कंटाळून, सुटका व्हावी म्हणून, त्या पोराच्या कपाळाला हात लावला.

मुलाचा ताप वाढला. दुसऱ्या दिवशी त्याला आमच्याच जीपमधून दवाखान्यात न्यावं लागलं. साधा ताप होता, चार दिवसांत पोर हुंदडायला लागलं. पण ते चार दिवस जायच्या आधीच टोळीचं ठरलं होतं. ज्या हातात गुण त्याच हातात अवगुण. कुणी तो शब्द उच्चारला नाही, डोंगरात ज्या शब्दानं बाईचं घर जातं तो शब्द. उच्चारायची गरजही नव्हती. त्यांच्याजवळ माझी ओळ होती, आणि लेकरं ती झोळीजवळ म्हणत होती. काशिनाथ अण्णांकडे आला. "मालक, एका बाईपायी पंचवीस बाया जातील. मी काय करू?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं, त्रिकोण न करता, सरळ. मला वाटतं मी काही बोलावं म्हणून ते थांबले होते. अख्खा हंगाम ज्यानं तोंडाच्या जोरावर भाकरी खाल्ली त्याला त्या क्षणी एक शब्द फुटला नाही. अण्णा म्हणाले, "बघा मग तुम्ही." जमनाबाईनं आपली कात्री धुतली, पुसली आणि काशिनाथच्या हातात दिली. कात्री आमची होती. जीपमध्ये बसताना ती माझ्याकडे आली नाही. येण्यासारखं काय होतं?

मी त्या दिवसापासून सांगणं बंद केलं. टोळीनं खूप विनवलं. "मंग त्या बाईचं काय झालं? गेली कुठं ती?" मी घसा बसला म्हणून सांगितलं. टोळी टिकली, कारण विरळणी संपतच आली होती. आईनं लोण्याचा गोळा लहान केला नाही. माझ्याच्यानं तो खाववेना, तेव्हा ती म्हणाली, "आता एवढं काय मनाला लावून घेतोस? तू थोडंच हाकललंस?" आईचं मन असं होतं, पोराला सगळीकडून सोडवणारं.

फळ काढणीच्या दिवसांत अण्णांनी मला विंचूरजवळ माझ्या मामेभावाच्या बागेवर पाठवलं, रिकामे क्रेट घेऊन. जमनाबाई तिकडे दुसऱ्या टोळीत लागलीय असं मला काशिनाथकडून कळलं होतं. माफी मागायची, असा बेत होता. टेम्पोत बसून मी ती तयारसुद्धा केली, आणि खोटं कशाला सांगू, ती मला फार चांगली जमल्यासारखी वाटत होती. मधे एक ठिकाण असं ठेवलं होतं की तिथं माझा आवाज दाटून यावा.

शेडमध्ये बायका बसून घड साफ करत होत्या. फुटका मणी, कोवळा मणी कात्रीनं काढायचा, देठाला धरून घड फिरवायचा. जमनाबाई क्रेट उचलून वजनकाट्यापाशी नेत होती. बोलत होती, कुणाची तरी चेष्टा करत होती. तिची बोटं उघडी होती आणि कुणाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. मी टेम्पोच्या आडच थांबलो. तेवढ्यात पलीकडून एक पोरगी उड्या मारत आली आणि तिच्या तोंडात माझी ओळ. पानांमागं कोण गं. मागोमाग मंगी! आमची विरळणी संपल्यावर घरी गेलेल्या आमच्या टोळीतल्या काही बायका काढणीसाठी नुकत्याच इथं आल्या होत्या. मंगीनं मला पाहिलं आणि ती मनापासून आनंदानं ओरडली.

"ए, भाऊ आला! गोष्टीवाला भाऊ! अगं, याचीच ती गोष्ट, सांगत होते ना तुम्हाला! भाऊ, आता सोडत नाय तुला. त्या पांढऱ्या बोटांच्या बाईचं पुढं काय झालं?"

कात्र्या थांबल्या. सगळ्या नव्या बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. आणि मग मला ते पुन्हा दिसलं. एक मान हळूच वळायला लागली. क्रेटकडे, क्रेट धरलेल्या हातांकडे. मंगीच्या मनात काही वाईट नव्हतं, तिला फक्त पुढचं हवं होतं. मी तोंड उघडलं. टेम्पोतली माफी तिथं कामाची नव्हती. माफी मागायची तर कशाबद्दल हे सगळ्यांना सांगावं लागलं असतं, आणि ते सांगणं म्हणजे पुन्हा बोट दाखवणं.

जमनाबाईनं क्रेट खाली ठेवला. "तो काय सांगतोय," ती म्हणाली. "मला माहीत हाय. मी सांगते."

आता दुसऱ्याही माना वळल्या.

"ती बाई घरी गेली," जमनाबाई म्हणाली. "भाकर केली. खाल्ली. झोपली. झालं."

सगळ्या वाट पाहत राहिल्या. एक म्हणाली, "मंग?"

"मंग सकाळी उठली. कामाला गेली."

"आन् गाय?"

"गाय म्हातारी होती."

"ही काय गोष्ट झाली!" मंगी चिडून म्हणाली. कुणीतरी जांभई दिली. वळलेल्या माना आपापल्या घडाकडे परतल्या, आणि एका बाईनं शेजारणीला विचारलं की आज विंचूरच्या बाजारात कांद्याचा काय भाव निघाला.

मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली, भरपूर वाटली, अजून वाटते. पण त्या क्षणी मला जे वाटलं ते हे, की शेवट पडला. इतकी चांगली उभी राहिलेली गोष्ट बाईनं मातीत घातली. आणि तो शेवट कसा सावरता येईल तेही मला तिथल्या तिथं सुचलं. भाकरीवर पाच बोटांचे पांढरे ठसे. मी एक पाऊल पुढं झालो आणि म्हणालोसुद्धा, "पण..."

मंगीनं चटकन मान वर केली. "पण काय, भाऊ?"

जमनाबाई माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी काय करतो याची ती वाट पाहत होती, आणि मी काय करीन हे तिला ठाऊक नव्हतं.

"पण काही नाही," मी म्हणालो. "भाकरी खाल्ली आणि झोपली."

"भाऊ, तुझ्यात आता राम राहिला नाय," मंगी म्हणाली आणि घड उचलून कामाला लागली. जमनाबाईनं क्रेट उचलला, काट्यावर ठेवला आणि वजन बघायला वाकली.